उतारा (मजकूर मांडणी)

हा लेख लेखनात उद्धृत केलेल्या मजकुराच्या मांडणीविषयी आहे. जमिनीच्या अधिकार अभिलेखासाठी पाहा: सातबारा उतारा.

उतारा म्हणजे दुसऱ्याच्या ग्रंथातून, पत्रातून, भाषणातून किंवा मुलाखतीतून जसाच्या तसा घेतलेला आणि मुख्य मजकुरापासून वेगळा परिच्छेद करून, समासापासून आत सरकवून मांडलेला मजकूर होय. लहान अवतरण वाक्याच्या ओघात दुहेरी अवतरणचिन्हांत दिले जाते. मोठे अवतरण उतारा म्हणून दिले जाते आणि त्याभोवती अवतरणचिन्हे लावली जात नाहीत. डावीकडील (व बहुधा उजवीकडीलही) मोकळी जागा हेच त्याचे चिन्ह असते. ती जागा जिथे संपते तिथे दुसऱ्याचे शब्द संपले आणि लेखकाचे सुरू झाले, असे वाचक समजतो. त्यामुळे ही जागा चुकली, म्हणजे ओळी मागेपुढे झाल्या किंवा मुख्य मजकुराला येऊन मिळाल्या, तर कोणते वाक्य कोणाचे हे सांगणारी दुसरी खूण पानावर उरत नाही.

हा लेख मुख्यत्वे वर्ड प्रोसेसरमध्ये देवनागरी मजकुराचा उतारा कसा मांडला जातो याविषयी आहे. इंग्रजीसाठी ठरलेले संकेत मराठीत काही ठिकाणी जसेच्या तसे लागू पडतात, काही ठिकाणी पडत नाहीत.

पार्श्वभूमी

हस्तलिखित पोथ्यांत अवतरणचिन्हे नव्हती. दुसऱ्याचे बोलणे कुठे संपले हे भाषाच सांगत असे: संस्कृतात 'इति', मराठीत 'असे', 'ऐसे', 'म्हणून' ही पदे ते काम करीत. मूळ ग्रंथ आणि त्यावरील टीका एकाच पानावर असल्यास दोहोंतील भेद जागेने दाखवला जाई. 'त्रिपाठ' पद्धतीच्या पोथीत मूळ श्लोक पानाच्या मधोमध मोठ्या अक्षरांत आणि टीका त्याच्या वर व खाली बारीक अक्षरांत असते. जावजी दादाजी यांच्या मुंबईतील निर्णयसागर छापखान्याने (स्थापना १८६९) प्रसिद्ध केलेल्या सटीक संस्कृत ग्रंथांतही मूळ मजकूर मोठ्या टाइपात आणि टीका लहान टाइपात ठेवण्याची रीत दिसते. परक्या मजकुराला जागा आणि आकार यांनी वेगळे करणे ही कल्पना या भाषांना इंग्रजी छपाईच्या आधीपासून परिचित होती.

युरोपीय विरामचिन्हे मराठीत १९व्या शतकात रुळली. त्यात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा मानला जातो. बोलणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांना दुहेरी आणि एखाद्या शब्दाकडे लक्ष वेधायचे असल्यास एकेरी अवतरणचिन्ह, हा शालेय व्याकरणात शिकवला जाणारा भेद त्यानंतरचा. खिळ्यांच्या छपाईत उतारा आत घेण्यासाठी जुळारी प्रत्येक ओळीच्या आरंभी कोऱ्या धातूचे तुकडे, म्हणजे क्वाड, बसवीत असे. उतारा मुख्य मजकुरापेक्षा एक-दोन पॉइंट लहान टाइपात लावण्याची सवयही तेव्हाचीच आहे.

टाइपरायटर ते संगणक: मुंबई उपनगरांचा संबंध

देवनागरी मजकूर यंत्रावर मांडण्याच्या इतिहासातील काही महत्त्वाचे टप्पे मुंबईच्या उपनगरांशी जोडलेले आहेत.

घाटकोपर व मुलुंड यांच्या दरम्यान असलेल्या विक्रोळीत मुख्यालय असलेल्या गोदरेज अँड बॉईस या कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. पुढे तिच्या देवनागरी यंत्रांवर महाराष्ट्रातील कचेऱ्या आणि टंकलेखन संस्था चालल्या. टाइपरायटरवर अक्षरांचा आकार बदलता येत नाही आणि तिरपे अक्षरही नसते. त्यामुळे उतारा दाखवण्याचे दोनच मार्ग होते: डावा समास पुढे सरकवणे आणि दोन ओळींतील अंतर कमी करणे. घाईत असलेला टंकलेखक समास न हलवता प्रत्येक ओळीआधी स्पेसबार पाच वेळा दाबून मोकळा होई. कागदावर त्याने काही बिघडत नसे. हीच सवय संगणकावर आली आणि तिथे मात्र ती त्रासदायक ठरली. त्याचे कारण पुढे आले आहे.

पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या (आयआयटी मुंबई) आयडीसी या अभिकल्प विभागात सुलेखनकार व कवी रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) अध्यापन करीत. नंतर ते जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात (एनसीएसटी) काम करू लागले. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. विंडोज प्रणालीसोबत येणारा 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट जोशी यांचा आहे. २००० सालच्या विंडोज आवृत्तीपासून तो संगणकांवर आपोआप उपलब्ध झाला आणि युनिकोड देवनागरीत लिहिणाऱ्या अनेकांनी पहिले मराठी वाक्य त्याच फॉन्टमध्ये उमटलेले पाहिले. मंगल पडद्यावर वाचण्यासाठी घडवलेला फॉन्ट आहे. छापील प्रबंधात तो मोकळा आणि उंच वाटतो, ही त्याच्यावरची नेहमीची तक्रार या हेतूशी ताडून पाहावी लागते.

किती मोठे अवतरण उतारा म्हणून द्यावे

इंग्रजी शैलीपुस्तिकांत याविषयी एकमत नाही. एपीए पद्धतीत ४० किंवा अधिक शब्दांचे अवतरण आत घेतात. एमएलए पद्धतीत गद्याच्या चारांहून अधिक आणि पद्याच्या तीनांहून अधिक ओळी ही मर्यादा आहे. शिकागो पद्धत साधारण १०० शब्दांचा निकष सांगते. एपीए आणि एमएलए या दोन्हींत उतारा डाव्या समासापासून अर्धा इंच (१.२७ सेंमी) आत असतो.

शब्द मोजण्याचा निकष मराठीला नीट बसत नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मूळ शब्दाला जोडून लिहिली जातात. 'शाळेसमोरच्या वडाखाली' हे मराठीत दोन शब्द आहेत; त्याचा इंग्रजी अनुवाद सात-आठ शब्दांचा होतो. म्हणजे ४० शब्दांचा मराठी मजकूर इंग्रजीतील ४० शब्दांपेक्षा पानावर बराच मोठा दिसतो. मराठी प्रबंधासाठी ओळींचा निकष (चार ओळींहून अधिक) अधिक सोयीचा आहे. विद्यापीठाने किंवा मार्गदर्शकाने वेगळा नियम घालून दिला असल्यास अर्थातच तो पाळावा लागतो. महत्त्वाचे हे की संपूर्ण लेखनात एकच निकष राहावा.

वर्ड प्रोसेसरमधील मांडणी

स्पेस, टॅब आणि शैली

वर्ड प्रोसेसरमध्ये ओळ कुठे मोडायची हे आज्ञावली ठरवते. प्रत्येक ओळीच्या आरंभी स्पेस किंवा टॅब देऊन उतारा आत घेतला, तर तो त्या क्षणी नीट दिसतो. नंतर फॉन्ट बदलला, कागदाचा आकार बदलला किंवा वरच्या ओळीत एक शब्द वाढला की ओळी नव्या ठिकाणी मोडतात आणि आरंभी दिलेल्या मोकळ्या जागा ओळीच्या मध्यभागी येऊन पडतात. कॉलेजांजवळच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात प्रबंध छापायला दिला आणि तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नसला, तर हे घडण्यास एवढे कारण पुरते. प्रत्येक ओळीअखेर एंटर दाबून लिहिलेल्या उताऱ्याचेही असेच होते.

म्हणून जागा ओळीला न देता परिच्छेदाला द्यावी लागते. हे दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार त्या एका परिच्छेदापुरता: पट्टीवरील खुणा सरकवणे किंवा 'पॅराग्राफ' चौकटीत डावे व उजवे अंतर आकड्यांत भरणे. दुसरा प्रकार शैलीचा, म्हणजे अंतर, अक्षराचा आकार, ओळींमधील जागा आणि वरखालची जागा यांचा एक संच करून त्याला नाव देणे व प्रत्येक उताऱ्याला तो लावणे. दोनशे पानांच्या प्रबंधात शंभर उतारे असतील आणि मार्गदर्शकांनी 'उतारे आणखी थोडे आत घ्या' असे सांगितले, तर शैलीत एक आकडा बदलून काम संपते. पहिल्या प्रकारात ते शंभर वेळा करावे लागते, आणि एक-दोन उतारे हमखास सुटतात.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये 'क्वोट' नावाची तयार शैली आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत ती मजकूर मध्यभागी आणि तिरपा करते. या दोन्ही गोष्टी मराठी उताऱ्याला गैरसोयीच्या आहेत. शैलीवर उजवी टिचकी देऊन 'मॉडिफाय' निवडल्यास त्या काढता येतात. लिब्रेऑफिस रायटरमधील उताऱ्याची तयार शैली अधिक साधी आहे: डावीकडून व उजवीकडून १ सेंमी आत, अक्षरे सरळ. गूगल डॉक्समध्ये शीर्षके आणि साधा मजकूर यांच्या शैली आहेत, उताऱ्यासाठी तयार शैली नाही. तिथे पट्टीवरून किंवा अंतराच्या पर्यायातून काम करावे लागते.

कळांच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. वर्डमध्ये कंट्रोल आणि एम या कळा एकत्र दाबल्यास परिच्छेद अर्धा इंच आत जातो. लिब्रेऑफिसमध्ये त्याच कळा हाताने केलेली सगळी मांडणी पुसून टाकतात. कॉलेजात एक आणि घरी दुसरी आज्ञावली वापरणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक सहसा अनुभवानेच कळतो.

देवनागरीची वेगळी नोंद

वर्ड आणि लिब्रेऑफिस या दोन्ही आज्ञावल्या रोमन आणि देवनागरी अक्षरांचे फॉन्ट व आकार स्वतंत्रपणे नोंदवतात. देवनागरीची गणना वर्ड 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'मध्ये आणि लिब्रेऑफिस 'सीटीएल'मध्ये करते. शैलीत फक्त रोमन अक्षरांचा आकार १० पॉइंट केला, तर उताऱ्यातील इंग्रजी शब्द लहान होतात आणि मराठी मजकूर पूर्वीच्याच आकारात राहतो. 'शैली बदलली पण काहीच झाले नाही' या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच असते. वर्डच्या शैली बदलण्याच्या चौकटीत 'लॅटिन' आणि 'कॉम्प्लेक्स' यांतून निवड करून दोन्ही आकार भरावे लागतात. लिब्रेऑफिसमध्ये भाषांच्या पर्यायांत सीटीएल सुरू केल्यावर फॉन्टच्या पानावर त्याचा वेगळा रकाना दिसतो.

तिरपी अक्षरे

इंग्रजीत तिरपी अक्षरे हे स्वतंत्र वळण आहे. त्यात अक्षरांचे आकारच बदलतात. देवनागरीत अशी परंपरा नाही. मंगलमध्ये तिरपे वळण नाही; मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा 'मुक्ता' हा फॉन्ट सात जाडींत मिळतो, तोही फक्त सरळ. विंडोजमधील 'कोकिळा'सारख्या काही फॉन्टांत तिरपे रूप दिलेले असते. ते नसताना तिरपेपणाची आज्ञा दिली, तर आज्ञावली सरळ अक्षर बाजूला ढकलते. शिरोरेषा आडवीच राहते, काना कलतो, आणि रफार व मात्रा शेजारच्या अक्षरावर झुकतात. संपूर्ण परिच्छेद असा असेल तर डोळ्यांना थकवा येतो. आत घेतलेली जागा भेद दाखवण्यास पुरेशी असल्याने उताऱ्यात तिरपी अक्षरे टाळणे इष्ट. ती एखाद्या ग्रंथनामापुरती ठेवावीत.

ओळींतील अंतर

मुख्य मजकूर दीडपट अंतराने आणि उतारा एकपट अंतराने मांडण्याची रीत आहे. हे अंतर 'सिंगल' असे द्यावे. 'एक्झॅक्टली' हा पर्याय निवडून १२ पॉइंटसारखा आकडा भरल्यास वरच्या ओळीतील उकार आणि खालच्या ओळीतील वेलांटी, रफार, अनुस्वार कापले जातात. रोमन अक्षरांना त्या आकड्यात जागा पुरते, देवनागरीला पुरत नाही. अनुस्वार कापला गेला तर अर्थही बदलू शकतो.

अवतरणचिन्हे

उताऱ्याभोवती अवतरणचिन्हे नसतात. मात्र उताऱ्याच्या आत कोणाचे संवाद असतील तर त्यांची मूळ दुहेरी चिन्हे तशीच राहतात. कथा-कादंबऱ्यांवर लिहिणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे, कारण ओघातील अवतरणात दुहेरीच्या आत एकेरी चिन्ह द्यावे लागते आणि मराठीत एकेरी चिन्हाला दुसराच अर्थ आहे. आणखी एक गंमत अशी की भारत सरकारने प्रमाणित केलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी अवतरणचिन्हाच्या कळेवर 'ट' आणि 'ठ' ही अक्षरे आहेत. चिन्ह देण्यासाठी प्रत्येक वेळी इंग्रजी कळफलकावर जावे लागते. घाईत उघडणारे चिन्ह दिले जाते, मिटणारे राहून जाते, आणि अवतरण कुठे संपले याचा पत्ता लागत नाही.

पद्याचा उतारा

ओवी, अभंग, लावणी किंवा कविता उद्धृत करताना ओळींची मूळ मोडणी राखणे आवश्यक असते. प्रत्येक चरणानंतर एंटर दिल्यास वर्ड प्रोसेसर तो नवा परिच्छेद मानतो आणि शैलीत ठरवलेली वरखालची जागा प्रत्येक चरणामध्ये शिरते. म्हणून चरणांमध्ये शिफ्ट व एंटर एकत्र दाबून फक्त ओळ मोडावी. एक कडवे म्हणजे एक परिच्छेद राहतो. अशा परिच्छेदाची ओळ दोन्ही समासांना भिडवलेली नसावी, अन्यथा आखूड चरणातील शब्द पानभर ताणले जाण्याचा संभव असतो.

ओवीच्या अखेरचा दुहेरी दंड व क्रमांक कधीकधी पुढच्या ओळीत एकटाच जाऊन बसतो. दंडाच्या आधी आणि क्रमांकाच्या दोन्ही बाजूंना न तुटणारी मोकळी जागा दिल्यास हे टळते. वर्ड व लिब्रेऑफिस दोन्हींत ती कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस या कळांनी मिळते. दंडासाठी इंग्रजी उभी रेघ किंवा 'l' हे रोमन अक्षर वापरण्याची चाल अजून दिसते. युनिकोडमध्ये एकेरी व दुहेरी दंडाला स्वतंत्र स्थान आहे. ते वापरल्यासच शोध घेताना आणि फॉन्ट बदलताना दंड दंडच राहतो. अभंगातील ध्रुपदाची खूण मूळ प्रतीत जशी असेल तशी ठेवावी.

जुने लेखन आणि बोली

१९६२ चे मराठी लेखनविषयक नियम येण्यापूर्वीच्या ग्रंथांत व्युत्पत्तीनुसार येणारे, उच्चारात नसलेले अनुस्वार आणि वेगळे ऱ्हस्व-दीर्घ आढळतात. उताऱ्यात ते सुधारण्याचा अधिकार उद्धृत करणाऱ्याला नाही. आत घेतलेली जागा वाचकाला हेही सांगते की हे जुने लेखन मूळ ग्रंथाचे आहे, प्रबंधकाराची ती चूक नव्हे. वर्ड प्रोसेसरचा शुद्धलेखन तपासनीस मात्र जागा ओळखत नाही. तो अशा शब्दांखाली लाल रेघ ओढतो, आणि आपोआप दुरुस्तीची सोय चालू असल्यास एखादा शब्द न सांगता बदलूनही टाकतो. उताऱ्याच्या शैलीतच 'शुद्धलेखन तपासू नये' असा पर्याय निवडता येतो. वर्डमध्ये तो भाषेच्या चौकटीत आहे.

हीच गोष्ट बोलीभाषेतील मुलाखतींची. वेसावे, मढ, गोराई येथील कोळीवाड्यांत किंवा उपनगरांतील आगरी वस्त्यांत क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याच्या अहवालात निवेदकाचे बोलणे प्रमाण मराठीत 'दुरुस्त' होऊन येते तेव्हा पुरावाच नाहीसा होतो. ते उतारा म्हणून, उच्चाराप्रमाणे लिहावे आणि आवश्यक तर खाली प्रमाण मराठीतील अर्थ मुख्य मजकुराच्या मांडणीत द्यावा. गाळलेला भाग तीन टिंबांनी आणि स्वतः घातलेला शब्द चौकोनी कंसात दाखवतात.

जुन्या फॉन्टमधील मजकूर

युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या आज्ञावल्यांच्या फॉन्टांत मराठी लिहिले जाई. अनेक छापखान्यांत अजूनही लिहिले जाते. या फॉन्टांत संगणकाच्या दृष्टीने साठवलेली अक्षरे रोमनच असतात, त्यांवर देवनागरीचे चित्र तेवढे चढवलेले असते. अशा फाइलमधील मजकुराला फॉन्ट बदलणारी उताऱ्याची शैली लावली की मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागतात. मजकूर गेलेला नसतो. जुना फॉन्ट पुन्हा लावल्यास तो परत दिसतो. कायमचा उपाय म्हणजे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करणे. रूपांतरात सर्वाधिक घोटाळा अवतरणचिन्हे, दंड, अर्धी अक्षरे आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' यांसारख्या जोडाक्षरांत होतो, म्हणून प्रत्येक उतारा मूळ ग्रंथाशी पुन्हा ताडून पाहावा लागतो. रूपांतर न करता पीडीएफ केलेला प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधसंग्रहात गेला, तरी त्यातील मराठी शब्द शोधून सापडत नाहीत.

संशोधनातील महत्त्व

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्यविषयक २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या समानतेस दंड नाही. १० ते ४० टक्के समानता आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांस सुधारित प्रबंध सादर करण्यावर एक वर्षाची मनाई येते आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द होते. योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर या मोजणीतून वगळावा, असेही त्याच विनियमांत आहे. संतसाहित्यावरील किंवा दलित आत्मकथनांवरील प्रबंधात उतारे पानोपानी असतात. ते वगळले गेले नाहीत तर आकडा सहज वर जातो.

समानता तपासणाऱ्या आज्ञावल्यांत अवतरणे वगळण्याची सोय बहुधा अवतरणचिन्हांवर चालते, आणि उताऱ्याभोवती ती नसतात. म्हणून अहवाल हाती आल्यावर कोणते जुळलेले भाग उतारे आहेत हे मार्गदर्शकाला स्वतः पाहावे लागते. ज्या प्रबंधात प्रत्येक उतारा एकाच शैलीत, स्पष्टपणे आत घेतलेला आणि खाली ग्रंथनाम, आवृत्तीचे वर्ष व पृष्ठांक असलेला असतो, तिथे हे काम थोड्या वेळात होते. स्पेसबारने आत घेतलेले आणि फाइल दुसऱ्या संगणकावर उघडताच मुख्य मजकुरात मिसळलेले उतारे असतील, तर प्रामाणिक विद्यार्थ्यालाही प्रत्येक ओळीचा खुलासा देत बसावे लागते. संदर्भ उताऱ्याच्या पूर्णविरामानंतर कंसात द्यावा, आणि उतारा संपल्यावर तोच मुद्दा पुढे चालू असल्यास पुढची ओळ नव्या परिच्छेदासारखी आत न घेता थेट समासापासून सुरू करावी.